राज्याच्या सैन्याचा प्रमुख: मतं मागून, नेमून की अटी घालून?

नदीकाठी (कोलंबिया, साउथ कॅरोलायना)

अमेरिकेत मी पहिलं मत दिलं ते २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये. नागरिकत्वाची शपथ घेऊन वर्षही झालं नव्हतं, त्यामुळे शाळेतल्या पहिल्या परीक्षेसारखी धाकधूक. गव्हर्नर (इथे राज्याचा निवडून आलेला प्रमुख), सिनेटर वगैरे नेहमीची मंडळी उरकली आणि तळाशी दोन घटनादुरुस्त्या आल्या. पहिली, धर्मादाय संस्थांना सोडती काढू द्यायच्या का. दुसरी, राज्याचा ॲडज्युटंट जनरल, म्हणजे राज्याच्या सैन्याचा प्रमुख, लोकांनी निवडून द्यायचा थांबवून गव्हर्नरने राज्याच्या सिनेटच्या (वरच्या सभागृहाच्या) संमतीने नेमायचा का. त्याच मतपत्रिकेवर वर त्या पदाचा एकुलता एक उमेदवार पक्षाच्या नावासकट उभा होता. मेजर जनरल, पुढे पक्षाचं नाव! मी तिथेच घुटमळलो. मागे रांग होती.

तेव्हापासून हा विषय डोक्यात आहे. २०२५ मध्ये कॅलिफोर्नियात जे झालं त्यानंतर पुन्हा वाचायला घेतला, म्हणून हा धागा.

आधी थोडी ओळख. नॅशनल गार्ड म्हणजे महिन्यातून एक शनिवार-रविवार आणि वर्षातून दोन आठवडे गणवेश चढवणारे सैनिक. एरवी कोणी शिक्षक, कोणी ट्रक चालवणारा. पूर, वादळ, दंगल आली की राज्याचा गव्हर्नर त्यांना बोलावतो. परदेशात लढाई लागली की राष्ट्राध्यक्ष. ५० राज्यं, राजधानीचा वॉशिंग्टन डीसी, पोर्टो रिको, ग्वाम आणि व्हर्जिन आयलंड्स अशा ५४ ठिकाणी गार्ड आहे आणि प्रत्येक ठिकाणी त्याचा एक प्रमुख. बहुतेक ठिकाणी त्याला ॲडज्युटंट जनरल म्हणतात, सैनिकांच्या तोंडी नुसतं 'टॅग'. (भारतातल्या वकील मंडळींनी महाधिवक्ता समजू नये. 'एजी' ही आद्याक्षरं तीच, धंदा वेगळा.)

हे पद आलं कुठून? ८ मे १७९२ च्या मिलिशिया कायद्यातून. (मिलिशिया म्हणजे राज्यातल्या नागरिकांचं सैन्य, आजच्या गार्डचा पूर्वज.) प्रत्येक राज्यात एक ॲडज्युटंट जनरल असावा असं त्यात लिहिलं. कामं काय, तर गव्हर्नरचे हुकूम पथकांना पोचवायचे, गव्हर्नर संचलन पाहायला येईल तेव्हा हजर राहायचं, कोरे तक्ते पुरवायचे, भरलेले तक्ते गोळा करायचे, कोणाकडे किती बंदुका आणि दारूगोळा आहे याचा वर्षाला एकदा अहवाल द्यायचा. थोडक्यात फडणिशी. सेनापती स्वतः गव्हर्नर, हा त्याचा कारभारी. शे-दीडशे वर्षांत तो कारभारी दोन ताऱ्यांचा जनरल झाला, पण कायद्यातली भाषा पुष्कळ ठिकाणी कारभाऱ्याचीच राहिली. पुढच्या भानगडी बऱ्याचशा तिथूनच निघतात.

अमेरिकेच्या राज्यघटनेने मिलिशियाची वाटणी मोठी चमत्कारिक करून ठेवली आहे. रचना, शस्त्रं आणि शिस्तीचे नियम काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने ठरवायचे. अधिकारी नेमायचे आणि कवायत घ्यायची राज्यांनी. म्हणून आजही केंद्राचा कायदा एवढंच म्हणतो की प्रत्येक राज्यात ॲडज्युटंट जनरल असेल आणि तो त्या राज्याच्या कायद्यात सांगितलेली कामं करेल. तो कोण असावा, किती वर्षं असावा, त्याला काढायचं कोणी, हे ज्याचं त्याने बघायचं. अपवाद डीसीचा. तिथे गव्हर्नरच नाही, म्हणून नेमणूक थेट राष्ट्राध्यक्षांकडे.

मग राज्यांनी काय काय केलं बघा. बहुतेकांनी नेमणूक गव्हर्नरकडे दिली आणि काहींनी वर सिनेटची संमती लावली. टेक्सासमध्ये मुदत दोन वर्षं, विस्कॉन्सिनमध्ये पाच. व्हर्मॉन्टमध्ये विधिमंडळ निवडतं, तेही गुप्त मतदानाने. आणि आमचं साउथ कॅरोलायना! लोकांच्या थेट मतांनी लष्करप्रमुख निवडणारं ते देशातलं शेवटचं राज्य. त्या निवडणुकीला लष्करी पात्रतेची अट घटनेत नव्हती. उद्या मी उभा राहिलो असतो तरी चाललं असतं, फक्त मतं मिळायला हवी होती.

२०१४ ची दुरुस्ती मंजूर झाली. पात्रता काय हे कायद्याने ठरवायचं, मुदत चार वर्षं, पण गव्हर्नरच्या चार वर्षांशी जुळू द्यायची नाही. ही शेवटची अट मला फार आवडते. नवा गव्हर्नर आला की आपला माणूस बसवला, असं सहज होऊ नये म्हणून मुद्दाम घातलेली पाचर आहे ती. निवडून आलेले शेवटचे रॉबर्ट लिव्हिंग्स्टन. २०१९ मध्ये त्यांच्या जागी व्हॅन मकार्टी आले, ते नेमलेले पहिले.

माझं म्हणणं असं, की पात्रतेच्या कलमाची चर्चा होते पण कर्तव्याचं कलम कोणी वाचत नाही. संकटात मात्र तेच कामाला येतं. यावर बोलूया.

---

तिरफळ (म्हापसा)

वाचतोय. रुमाल टाकून ठेवतो.

---

निवृत्त सुभेदार (सातारा)

नदीकाठी, लेख चांगला. एक खुलासा करतो, नाहीतर इथली पोरं गोंधळतील. आपल्याकडे पलटणीत ॲडज्युटंट म्हणजे सीओ (कमांडिंग ऑफिसर) साहेबांचा उजवा हात. कॅप्टन नाहीतर मेजर असतो. शिस्त, परेड, ड्यूटी, कोणाला पेशीवर उभं करायचं, सगळं त्याच्या टेबलावरून. जवान सीओपेक्षा त्यालाच जास्त घाबरतात. आणि ॲडज्युटंट जनरल म्हणजे दिल्लीत आर्मी हेडक्वार्टरला लेफ्टनंट जनरल, त्यांच्याकडे भरती, शिस्त, कल्याण हे विषय. राज्याला सैन्य हा प्रकारच आपल्याकडे नाही.

आता प्रश्न. एका जनरलला दोन धनी कसे? गव्हर्नर म्हणाला डावीकडे आणि राष्ट्राध्यक्ष म्हणाला उजवीकडे, तर जवानाने बघायचं कोणाकडे? फौजेत दोन हुकूम म्हणजे एकही हुकूम नाही.

---

नदीकाठी

सुभेदारसाहेब, नेमक्या ठिकाणी बोट ठेवलंत. कागदोपत्री उत्तर असं की एका वेळी धनी एकच. गार्ड तीन अवस्थांत असतो. राज्याच्या खर्चाने राज्याच्या कामावर असेल तर गव्हर्नरचा हुकूम. पगार केंद्राचा पण ताबा गव्हर्नरचा, ही मधली अवस्था. पूर्ण केंद्राच्या सेवेत घेतलं की गव्हर्नर बाजूला.

ही पाटी किती पटकन बदलते याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण लिटल रॉकचं. सप्टेंबर १९५७ मध्ये आर्कान्सॉचे गव्हर्नर ऑर्व्हल फॉबस यांनी सेंट्रल हायस्कूलच्या दारात गार्ड उभा केला, नऊ कृष्णवर्णीय मुलांना आत जाऊ द्यायचं नाही म्हणून. २४ तारखेला राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी राज्याचा अख्खा गार्ड केंद्राच्या सेवेत घेतला आणि सोबत केंद्राच्या लष्करातली १०१ वी एअरबोर्न पाठवली. तीन आठवड्यांपूर्वी ज्या गार्डने त्या मुलांना अडवलं, त्याच गार्डला आता त्यांचं रक्षण करायचं होतं.

---

निवृत्त सुभेदार

हुकूम पाळला ना? मग झालं. पण त्या जवानांना घरी बायकामुलांना काय सांगावं लागलं असेल याचा विचार येतो.

---

हिमफूल (बर्लिंग्टन, व्हर्मॉन्ट)

आमच्या राज्याचा उल्लेख आलाच आहे तर भर घालते. इथे विधिमंडळाची दोन्ही सभागृहं एकत्र बसतात. १५० अधिक ३०, असे १८० आमदार, दर दोन वर्षांनी विषम सालाच्या फेब्रुवारीत. उमेदवार असलेले अधिकारी आमदारांना एकेक करून गाठतात, आपली बाजू मांडतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला सोसायटीच्या चेअरमनची निवडणूक आठवली.

पण याच पद्धतीतून १९९७ मध्ये मार्था रेनव्हिल निवडून आल्या, पदावरच्या जनरलला हरवून. कुठल्याही राज्याच्या गार्डची प्रमुख झालेली ती पहिली स्त्री. गव्हर्नरच्या मर्जीवर किंवा 'ज्येष्ठतेनुसार पुढचा' या रांगेवर असतं तर १९९७ मध्ये हे झालं असतं असं मला वाटत नाही. पुढे २००६ मध्ये त्या रिपब्लिकन पक्षाकडून अमेरिकन काँग्रेससाठी उभ्या राहिल्या आणि पीटर वेल्च यांच्याकडून हरल्या. म्हणजे मतं मागायची सवय लागते ती लागतेच. :)

---

घुबड१९

हिमफूल यांचा मुद्दा धरून. धागाकर्ते पात्रतेच्या अटींवर खूश दिसतात. मला त्यात मक्तेदारी दिसते. अमुक हुद्दा हवा, अमुक वर्षं याच राज्याच्या गार्डमध्ये काढलेली हवीत. अशा अटी लावल्या की उरतात किती माणसं? छोट्या राज्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. ती सगळी एकमेकांची बॅचमेट, एकमेकांच्या मुलांच्या लग्नात जेवलेली. त्यातला एक प्रमुख होणार आणि बाकीच्यांच्या चुका तपासणार. हो का?

---

नदीकाठी

घुबडराव, मी खूश नाही. मी म्हणालो वाचा.

---

घुबड१९

वाचूनच बोलतोय. विस्कॉन्सिन बघा. डॉन डनबार तिथे २००७ पासून ॲडज्युटंट जनरल. लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी गार्डने कशा हाताळल्या याची केंद्राच्या नॅशनल गार्ड ब्यूरोने चौकशी केली. तिथे तक्रारींचा तपास घरचेच लोक करत होते, आणि ते केंद्राच्या नियमांत बसत नव्हतं, असा अहवाल २०१९ च्या डिसेंबरात आला. गव्हर्नर टोनी एव्हर्स यांनी राजीनामा मागितला, वर्षअखेरीस डनबार गेले. पात्रतेत काही कमी नव्हती हो त्यांच्या. बारा वर्षं एकच माणूस आणि पाच-पाच वर्षांची मुदत. मुदत लांब ठेवली की स्वायत्तता मिळते असं म्हणतात, पण मुरायलाही तेवढाच वेळ मिळतो.

---

अटकेपार (डॅलस)

घुबडाचं अर्धं पटतं. पण अटी नसल्या तर काय, याचंही बघा. आमच्या टेक्सासच्या कायद्यात माणूस किमान मेजर किंवा वरचा हवा, केंद्राने मान्यता दिलेला अधिकारी हवा, टेक्सासच्याच गार्डमध्ये काही वर्षं काढलेला हवा, असं आहे. हे का? नाहीतर गव्हर्नर आपल्या प्रचारप्रमुखाला जनरल करेल. हसू नका. एकोणिसाव्या शतकात ही पदं राजकीय बक्षीस म्हणून वाटली जायची. गव्हर्नरच्या मांडवात नाचला, कर्नल कर.

'केंद्राची मान्यता' हे दोन शब्द महत्त्वाचे. राज्याने कोणाच्याही खांद्यावर तारे लावले तरी केंद्राने तो हुद्दा मान्य केला नाही तर ते तारे राज्याच्या हद्दीपुरतेच. जनरलच्या हुद्द्यासाठी अमेरिकन सिनेटपर्यंत कागद जातो. म्हणजे नेमायचा हक्क राज्याचा, पण चाळणी केंद्राची. आणि पैसा? तोही बहुतेक केंद्राचाच.

ओक्लाहोमात याचीच टक्कर झाली. २०२१ च्या नोव्हेंबरात गव्हर्नर केविन स्टिट यांनी ॲडज्युटंट जनरल बदलले आणि थॉमस मॅन्सिनो यांना आणलं. आल्या आल्या त्यांनी फर्मान काढलं, की गव्हर्नरच्या ताब्यात असेपर्यंत ओक्लाहोमाच्या गार्डला कोविड लशीची सक्ती नाही. पेंटागॉनचं, म्हणजे केंद्राच्या संरक्षण खात्याचं म्हणणं, सक्ती सगळ्यांना. लस नाही तर कवायत नाही, कवायत नाही तर पगार नाही. राज्य कोर्टात गेलं, डिसेंबरअखेर न्यायाधीशांनी मनाई हुकूम नाकारला. आता सांगा, मॅन्सिनो यांनी चूक काय केली? राज्याच्या कायद्याप्रमाणे त्यांचं कर्तव्य गव्हर्नरचा हुकूम पोचवणं. त्यांनी पोचवला.

---

निवृत्त सुभेदार

पोचवला, पण भुर्दंड जवानाला. लस न घेणाऱ्या पोराचा पगार गेला असता, साहेबांचा नाही.

---

कायदेकानू (नागपूर)

उशिरा येतेय, पण ज्या कॅलिफोर्नियाने हा धागा सुरू झाला त्यावर कोणी लिहिलंच नाही. नदीकाठी, तुम्ही नुसतं बोट दाखवून गप्प बसलात!

जून २०२५. लॉस एंजेलिसमध्ये स्थलांतरितांच्या धरपकडीविरुद्ध निदर्शनं. राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी आधी २,०००, मग आणखी २,००० गार्ड केंद्राच्या सेवेत घेतले. गव्हर्नर गॅविन न्यूसम यांचा विरोध. ज्या कलमाखाली हे केलं त्यात एक छोटं वाक्य आहे, की असे हुकूम राज्यांच्या गव्हर्नरांमार्फत काढायचे. संरक्षणमंत्री हेगसेथ यांनी कागद पाठवला तो ॲडज्युटंट जनरलकडे. वर लिहिलं होतं 'गव्हर्नर यांच्यामार्फत'. गव्हर्नर म्हणाले, माझ्यामार्फत काही आलंच नाही.

१२ जूनला न्यायाधीश चार्ल्स ब्रायर यांनी निकाल दिला, हुकूम बेकायदा, गार्ड गव्हर्नरला परत करा. त्यांच्या कारणांतलं एक हेच, 'मार्फत' पाळलं नाही. काही तासांत वरच्या कोर्टाने स्थगिती दिली आणि १९ जूनला तीन न्यायाधीशांनी ती कायम केली. 'मार्फत'च्या मुद्द्यावर त्यांनी आधार कशाचा घेतला? कॅलिफोर्नियाच्याच लष्करी संहितेचा! तिच्यात लिहिलंय की ॲडज्युटंट जनरल सगळे हुकूम गव्हर्नरच्या नावाने काढेल. मग त्याच्याकडे दिलेला कागद म्हणजे गव्हर्नरमार्फतच गेलेला, असं सकृतदर्शनी मानता येईल. शिवाय 'मार्फत' म्हणजे नकाराधिकार नाही, हेही जोडून सांगितलं.

म्हणजे राज्याने आपल्या कारभाऱ्याला सोयीसाठी शिक्का दिला होता. केंद्र थेट कारभाऱ्याकडे आलं आणि तोच शिक्का उठवून घेऊन गेलं. गव्हर्नर वाड्यात बसून 'मला विचारलंच नाही' म्हणत राहिले.

मी रोज कायद्याचे मसुदे बघते. 'यांच्या नावाने', 'यांच्यामार्फत', 'यांच्या संमतीने' हे तीन शब्दप्रयोग मसुदा लिहिताना कोणी फार जपून वापरत नाही, मागचा मसुदा उघडून चिकटवतात. हा निकाल त्यांनी जरूर वाचावा.

---

घुबड१९

+१. 'कारभाऱ्याचा शिक्का' आवडलं. मग आता राज्यांनी ते वाक्य बदलायला हवं ना? 'गव्हर्नरच्या नावाने, पण गव्हर्नरच्या सहीनंतर' असं काहीतरी.

---

कायदेकानू

लिहिता येईल. पण मग रात्री दोन वाजता धरण फुटलं तर सही कोण शोधत बसणार? ते वाक्य मुळात त्यासाठीच आहे.

---

नदीकाठी

धरणावरून आठवलं. ऑक्टोबर २०१५ मध्ये इथे असा पाऊस झाला की गावाच्या आसपासची लहान धरणं एकामागून एक फुटली. कोलंबियाच्या कालव्याला भगदाड पडलं, आणि शहराचं पिण्याचं पाणी त्याच कालव्यावर. गार्डची हेलिकॉप्टरं टनाटनाच्या वाळूच्या पिशव्या त्या भगदाडात टाकत होती. आम्ही कित्येक दिवस पाणी उकळून पीत होतो. आमच्या राज्यात आपत्ती व्यवस्थापनही ॲडज्युटंट जनरलच्या कार्यालयाखालीच येतं, हे मला तेव्हा कळलं. मतदान करून झाल्यावर अकरा महिन्यांनी!

कायदेकानू, तुमचं पटतं. त्या आठवड्यात कोणी कोणाच्या सहीची वाट पाहत बसलं नाही हे बरंच झालं. पण लॉस एंजेलिसमध्ये तीच घाई केंद्राच्या उपयोगी पडली. एकाच वाक्यातून दोन्ही निघतं.

---

तिरफळ

रुमाल उचलतो. आपल्याकडे राज्याला सैन्य नाही हे सुभेदारकाकांनी सांगितलंच. संरक्षण केंद्र सूचीत पहिल्या नोंदीवर. पण जवळचं काही शोधायचं तर होमगार्ड घ्या. ६ डिसेंबर १९४६ ला मुंबई प्रांतात उभे राहिले, दंग्यांचे दिवस, मोरारजी देसाई गृहमंत्री. पाठोपाठ १९४७ चा मुंबई होमगार्ड कायदा. प्रमुख महासमादेशक, नेमणूक राज्य सरकारकडे. म्हणजे राज्याच्या कायद्याने उभं केलेलं, एरवी आपापला धंदा करणारं गणवेशधारी दल. फरक एवढाच, की त्यांना केंद्र उचलून लढाईला नेत नाही आणि कोणी त्यांच्यावरून कोर्टात भांडत नाही. माझे मामा गणपतीत बंदोबस्ताला असायचे. भत्ता उशिरा यायचा, तक्रार तेवढीच.

---

निवृत्त सुभेदार

भत्त्याची तक्रार सगळ्या फौजांत असते. ती कुठल्या कायद्याने मिटत नाही.

---

हिमफूल

नदीकाठी, एक राहिलंच. त्या दिवशी रांग मागे खोळंबली होती. बटण कोणतं दाबलंत?

---

नदीकाठी

मी 'हो'. पक्षाच्या चिन्हावर उभा राहिलेला जनरल मला पचेना.

बायकोने 'नाही'. घरी येताना गाडीत वाद. तिचं म्हणणं, मतं मागायला येतो तेव्हा निदान तोंड तरी दिसतं, नेमलेला माणूस आपल्याला कशाला विचारतोय. मी म्हटलं, अगं, तो एकटाच उभा होता, मागायला आला कुठे? ती म्हणाली, म्हणजे अडचण उमेदवार कमी असण्याची आहे, मतदानाची नाही. मला अजून नीट उत्तर सापडलेलं नाही.

सोडतीच्या दुरुस्तीला मात्र दोघांनी 'हो' दिलं. आमच्या मंडळाच्या दिवाळीत इतकी वर्षं पैठणीची सोडत निघायची, ती बेकायदा होती हे मतपत्रिका वाचूनच समजलं.